खाली

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या घरात, मधल्या खोलीच्या भिंतीवर, जमिनीपासून अडीच फूट उंचीवर तेलाचा एक डाग होता. तळहाताएवढा. कडांना विरत गेलेला, मध्यावर मात्र न घासलेल्या पितळेसारखा गडद. सुनीतीबाईंची लेक शर्मिष्ठा, घरातली शमी, तिथे बसून अभ्यास करायची. वयाच्या अकराव्या वर्षापासून एकविसाव्यापर्यंत, पाय लांब सोडून, मांडीवर पुस्तक ठेवून, डोकं मागे भिंतीला टेकवून. रविवारी सुनीतीबाई तिच्या केसांना माक्याचं तेल जिरवायच्या, आणि पुढचा आठवडाभर ती भिंत त्यातलं थोडंथोडं पिऊन घ्यायची. दहा वर्षांत भिंतीने जेवढं घेतलं, तेवढंच आता मागे उरलं होतं.

शमीला जाऊन अकरा वर्षं झाली होती. डेंग्यूचा ताप पाच दिवस राहिला, सहाव्या दिवशी ती राहिली नाही. तिचे फोटो होते, नाही असं नाही. पण फोटोत ती कॅमेऱ्याकडे पाहत असायची, आणि तिचं हसणं कॅमेऱ्याच्या वाट्याचं असायचं. भिंतीवर ती कुणाकडेच पाहत नव्हती. नुसती टेकलेली होती. सुनीतीबाईंना ती तशीच हवी होती.

त्या भिंतीपुढे सुनीतीबाईंनी गाद्यांची चळत रचून ठेवली होती, आणि दर तीन-चार वर्षांनी दिवाळीआधी रंगारी येत, तेव्हा त्या इकडचं मागून पाहू म्हणत. ते मागून कधी आलं नाही. त्यांच्या यजमानांनी, अनंतरावांनी, त्याचं कारण कधी विचारलं नाही. रेल्वेच्या कचेरीत पस्तीस वर्षं कारकुनी केलेला तो अबोल माणूस लेकीच्या मागे अधिकच अबोल झाला होता. जेवून उठलेल्या माणसाच्या पाटाला पाय लागू नये म्हणून आपण वळसा घालतो, तसा त्या घरात दोघंही शमीच्या नावाला वळसा घालून चालत होते. ठरवून काही झालं नव्हतं. पहिल्या वर्षी एकाने दुसऱ्याला जपलं, दुसऱ्याने पहिल्याला जपलं, आणि त्या जपण्याचीच पुढे रीत पडून गेली.

रीत मोडली ती ओलीने. शेजारचं जुनं घर पाडून तिथे तीन मजली इमारत उभी राहिली. गल्ली उंच झाली, यांचं घर खड्ड्यात गेलं. पावसाळा संपून दोन महिने झाले तरी भिंती खालून वर ओल ओढत राहिल्या. पोपडे सुटले, स्वयंपाकघरातल्या डाळींना बुरशी धरली, अनंतरावांचा खोकला हटेना. मुलगा निरंजन नवा रायपुरात नोकरीला होता आणि तिथेच फ्लॅट घेऊन राहत होता. तो एका रविवारी येऊन सगळ्या भिंतींवरून हात फिरवून गेला आणि पुढच्या रविवारी ठेकेदाराला घेऊनच आला.

ठेकेदाराचं नाव खेमलाल देवांगन. पन्नाशीचा, सडपातळ, कानावर निळ्या खडूचा तुकडा खोवलेला. त्याने आल्याआल्या सुनीतीबाईंना वाकून नमस्कार केला आणि "दाई" म्हणून हाक मारली. अमरावतीच्या माहेरी दाई म्हणजे बाळंतपण करणारी बाई, त्यामुळे इतकी वर्षं रायपुरात काढूनही हा शब्द ऐकला की त्यांच्या मनाला किंचित ठेच लागायची, आणि मग आठवायचं की इथल्या बोलीत ही आई आहे. शमी असती तर तिने या ठेचेवरून त्यांना आठवडाभर छळलं असतं.

आईच्या हिंदीवर हसणं हा शमीचा हक्कच होता. त्यातही एक गोष्ट तिची फार लाडकी. सुनीतीबाई लग्न होऊन नव्यानेच इथे आल्या होत्या तेव्हाची. दूधवाला पायरीवर उभा, त्याची कॅन खांद्यावर. आतलं दूध कसं आहे ते पाहावं म्हणून त्या म्हणाल्या, "भैया, बर्तन खाली करो." त्यांना म्हणायचं होतं, जरा खाली घे. दूधवाल्याने दोनदा विचारून खात्री केली आणि मग पातेली, कळशी, शेवटी अंघोळीची बादली भरून सगळी कॅन रिकामी करून दिली. त्या संध्याकाळी साऱ्या पाऱ्यात, घरोघर, खीर वाटली गेली. ही गोष्ट शमीच्या जन्माआधीची, पण सांगायची तीच, दोन्ही आवाज काढून. दूधवाल्याचा गोंधळ, आईचा तोरा. आणि शेवटी बोट नाचवून म्हणायची, "आई, किती वेळा सांगू? खाली म्हणजे रिकामं. नीचे म्हण, नीचे."

खेमलाल बोटाच्या पेराने भिंती वाजवत घरभर फिरला. बाजारात कलिंगड वाजवून घेतात तसा कान देऊन ऐकत होता. बाहेरच्या भिंतींचं प्लास्टर तीन फुटांपर्यंत छाटावं लागेल, म्हणाला. विटा उघड्या करून महिनाभर वाळू द्यायच्या, मग औषध, मग नवं प्लास्टर, पुट्टी, रंग. मधल्या खोलीतल्या त्या भिंतीशी तो आला तेव्हा सुनीतीबाईंनी पदर घट्ट धरला. त्याने दोन ठिकाणी वाजवून पाहिलं आणि ही आतली भिंत सूखी आहे, हिला काही बीमारी नाही, असं सांगितलं. त्यांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच निरंजनने मोबाइलवर काढलेला नकाशा पुढे केला. त्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत अलमारी करायची होती. त्यासाठी भिंत साफ करून सपाट करावी लागणार होती.

निरंजनचा त्यात दोष नव्हता. तो तेव्हा पुण्याला शिकत होता. बहीण भिंतीशी बसायची हे त्याला ठाऊक होतं, पण भिंतीने काय ठेवून घेतलं हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. पुढे गाद्या होत्या.

त्या दुपारी निरंजन फोनवर बोलत अंगणात गेला, अनंतराव ओट्यावर होते. खेमलाल एकटाच माप घेत होता. सुनीतीबाईंनी गाद्या स्वतःच्या हातांनी बाजूला केल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो डाग परक्या माणसाच्या नजरेला पडला. काय सांगावं? हे माझ्या मुलीचं डोकं आहे, असं सांगावं? तो हसला तरी सोसवलं नसतं, आणि त्याला दया आली असती तर त्याहून नाही. वर अर्धी भिंत त्याने हवी तशी रंगवावी, त्याचं त्यांना काही नव्हतं. खालचं तेवढं राहावं. अशा वेळी माणसाच्या तोंडी मायबोली येते, आणि त्या दिवशी ती हिंदीचे कपडे घालून आली.

"भैया," त्या म्हणाल्या, "बाकी सब जो करना है करो. ये दीवार का खाली छोड़ देना."

खेमलालने टेप गुंडाळता गुंडाळता भिंतीकडे पाहिलं. "खाली?"

"हां, खाली. मेरी इतनी एक बात रखना."

त्यांच्या डोळ्यांत काय होतं कोण जाणे, पण तो हिंदी सोडून आपल्या छत्तीसगढीत धीर देऊ लागला. "हव दाई. खाली छोड़ देबो. चिंता झन कर."

खेमलालची कामाची पद्धत अशी की तो कागद बाळगत नसे. कागद हरवतात, भिंत हरवत नाही, म्हणायचा. जे करायचं ते ज्या त्या भिंतीवर निळ्या खडूने लिहून ठेवायचा, म्हणजे मिस्त्री कधीही आला तरी विचारायची गरज नाही. स्वयंपाकघरात लिहिलं, 'छाट ३ फुट'. न्हाणीघरावर लिहिलं, 'तोड़'. ओट्याकडच्या खिडकीखाली बाण काढून, 'बढ़ाना'. आणि मधल्या खोलीत, डागापासून दीड हात वर, ठळक अक्षरांत त्याने एकच शब्द लिहिला: 'खाली'.

सुनीतीबाईंनी तो वाचला. देवनागरीत लिहिलेला तो शब्द त्यांच्या नजरेला लहानपणापासून जसा भेटत आला होता तसाच भेटला. खाली. म्हणजे इथून खाली. शब्द आणि त्याच्या खाली तो डाग, जशी एखाद्या फोटोखाली ओळ असते तसा इथे ओळीखाली फोटो. त्यांनी मनातल्या मनात त्या माणसाला आशीर्वाद दिला.

काम सुरू झालं आणि दोघं नवा रायपुरात निरंजनकडे राहायला गेली. रुंद, सरळ, निर्मनुष्य रस्ते. सातव्या मजल्यावरून पाहिलं तर रस्ते जास्त आणि जाणारे कमी. सून स्नेहल मायाळू होती, पण दिवसभर कचेरीत असायची. सुनीतीबाई दर तिसऱ्या दिवशी बसची वाट पाहत उभ्या राहत, चाळीस मिनिटांनी ती आली की शहरात उतरत आणि तिथून रिक्षा करून घरी जात. घर ओळखू येत नव्हतं. रेजा बाया डोक्यावर घमेली घेऊन मलबा बाहेर टाकत होत्या, न्हाणीघर नव्हतंच, स्वयंपाकघराच्या विटा हिरड्यांसारख्या उघड्या पडल्या होत्या. सुनीतीबाई त्या सगळ्यातून साडी सावरत थेट मधल्या खोलीत जायच्या. शब्द असायचा. डाग असायचा. पाच मिनिटं उभ्या राहून परत फिरायच्या. साऱ्या घराचं काहीही होवो, असं त्यांना वाटे. तेवढा हातभर भाग तगला की घर तगलं.

एकदा निरंजनने जेवताना सहज म्हटलं की खेमलाल सांगत होता, दाईने उस दीवार को खाली छोड़ने बोला है, तर ठीक आहे, अलमारी दुसरीकडे करू. सुनीतीबाईंनी मान हलवली. मुलगा इतक्या सहज ऐकेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्याने अर्धं हिंदीत सांगितलेलं वाक्य त्यांनी पूर्ण मराठीत ऐकलं. ताटावर मान घातलेल्या अनंतरावांनी एकदाच वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहून भात कालवला.

मग सुनीतीबाईंची टाच दुखू लागली. पाय टेकवेना. डॉक्टरांनी पंधरा दिवस चालणं बंद केलं. त्या पंधरवड्यात अनंतराव दोनदा एकटेच घरी जाऊन आले. आल्यावर सांगायचे, काम चाललं आहे. याहून जास्त ते कशाबद्दलच सांगत नसत, त्यामुळे वेगळं काही वाटायचं कारण नव्हतं.

सोळाव्या दिवशी त्या गेल्या. बरोबर अनंतराव होते. खेमलाल दारातच उभा होता, अंगात धुतलेला सदरा. आज मधली खोली दाखवायची म्हणून मुद्दाम थांबला होता. त्याने त्यांना हाताला धरून उंबरा ओलांडून घेतला, आणि मधल्या खोलीत नेऊन दिवा लावला.

भिंत पांढरी होती. टोकापासून टोकापर्यंत, वरपासून खालपर्यंत, एकसारखी, निष्कलंक. शब्द नव्हता. डाग नव्हता. नुकत्याच मारलेल्या रंगाचा ओला वास खोलीभर होता.

"तुंहर दीवार ला मैं खुदे करे हंव, दाई," खेमलाल म्हणाला. मिस्त्रीला हात लावू दिला नव्हता त्याने. तुम्ही एवढी एकच गोष्ट मागितली होती, म्हणाला, म्हणून. मग कामाचं सांगताना तो पुन्हा हिंदीत आला. मध्ये तेलाचा दाग होता. तेलावर पुट्टी धरत नाही, वरून कितीही रंग मारा, महिन्याने पुन्हा फुटून वर येतो. दुसरा असता तर वरून लिपून मोकळा झाला असता. त्याने छिन्नी लावून विटेपर्यंत तेवढा भाग काढला आणि नव्याने भरला. "जड़ से निकाल दिया," तो म्हणाला. आता शंभर वर्षं काही दिसणार नाही. न एक खिळा, न अलमारी. बिलकुल खाली.

त्या शेवटच्या शब्दाशी सुनीतीबाई थांबल्या. कान बधिर झाल्यासारखे झाले आणि त्या बधिरपणात कुठूनतरी, फार लांबून, दूध ओतल्याचा आवाज आला. कॅनमधून पातेल्यात, मग कळशीत, शेवटी बादलीत. दूधवाल्याने दोनदा विचारलं होतं. यानेही विचारलं होतं, "खाली?" आणि त्यांनीच सांगितलं होतं, हो. भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं त्याने. सबंध महिनाभर त्या तो शब्द वाचून निश्चिंत होऊन परतत होत्या. बोट नाचवून चूक दाखवणारी तेवढी घरात नव्हती.

"मलबा कहां डाला, भैया?" त्यांनी विचारलं. आवाज आपला आहे असं त्यांना वाटलं नाही.

तो तर गेला, खेमलाल म्हणाला, ट्रॅक्टरने. कुठल्याशा नव्या रस्त्याच्या कडेचा खड्डा भरायला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "कुछ गलती हो गे का, दाई?"

त्यांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. नखांत पुट्टी भरलेली, अंगठ्याला छिन्नीची जखम, तीवर चिंधी. त्याने दिलेला शब्द पाळला होता. शब्दच दोघांचे निराळे होते, आणि ते आता त्याला कळून काय व्हायचं होतं? पुढे ज्या ज्या घरी तो भिंत खरवडेल, तिथे त्याचा हात अडेल, एवढंच.

"नहीं," त्या म्हणाल्या. "बहुत अच्छा किया, भैया."

तो समाधानाने हसला आणि बाहेर रेजांना हाका मारत निघून गेला. त्याची पावलं गल्लीत विरेपर्यंत त्या उभ्या होत्या. मग टाच धरून हळूहळू जमिनीवर बसल्या. अनंतराव दारातच होते, चौकटीला हात लावून. त्यांच्याही चेहऱ्यावर काहीतरी कळत चाललं होतं.

"तू सांगितलं नव्हतं असं?" त्यांनी विचारलं.

सुनीतीबाईंनी मान हलवली. नाही.

"मंग काय सांगितलं होतं?"

"खालचं सोडा म्हटलं होतं मी." त्या भिंतीकडेच पाहत होत्या. "खाली, म्हणजे... खाली हो. हे खालचं."

अनंतरावांनी भिंतीकडे पाहिलं. पस्तीस वर्षं ज्यांनी हिंदीत टिपणं लिहिली, हिंदीतच अर्ज वाचले, त्यांना तो शब्द कसा दिसला असेल ते सुनीतीबाईंना आत्ता समजलं.

"तुम्ही येऊन गेले दोनदा," त्या म्हणाल्या. "वाचलं नाही का भिंतीवरचं?"

"वाचलं ना."

"मंग काहून बोलले नाही मले?"

"मले वाटलं, तुह्या मनानं घेतलं आता. निरंजनही म्हणे, आईनंच सांगितलं." ते शब्द शोधत बोलत होते, बऱ्याच वर्षांनी उघडलेल्या पेटीतून एकेक वस्तू काढावी तसे. "मले वाटलं, तुहा जीव सुटून राहिला त्याच्यातून. म्या विचारलं असतं, तं पुन्हा अडकला असता. म्हणून नाही विचारलं."

बाहेर कुणीतरी वाळू चाळत होतं. चाळणीचा तो एकसुरी आवाज खोलीत येत राहिला.

"तुम्हाले ठाव होतं?" त्यांनी विचारलं. "गाद्यांमागं काय आहे ते?"

अनंतराव आत आले. गुडघ्यावर हात ठेवून, चौकटीचा, मग हवेचा आधार घेत, त्यांच्या शेजारी बसले. त्या वयाच्या माणसाला जमिनीवर बसायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला.

"मंगळवारी आलो होतो मी," ते म्हणाले. "भिंत शाबूत होती तवा. खेमलाल म्हणे, उद्या लावतो हात. रेजा बाया जेवाले गेल्या होत्या. तं बसलो होतो इथं. टेकून." त्यांनी तळहात जमिनीवर ठेवला, जणू जागा दाखवत होते. "माहं डोकं तिथं नाही येत बरोबर. वर जाते. मंग सरकून सरकून बसलो, पाय लांब करून. तवा आलं बरोबर. तासभर बसलो असीन. बाया आल्या, तं उठलो."

सुनीतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. अकरा वर्षं त्या एकट्या त्या भिंतीची राखण करत होत्या, असं त्यांना वाटत होतं. या माणसाने तिचा निरोपही घेतला होता. तोही एकट्याने, आणि तोही, त्यांना वाटलं, माझ्यासाठी. एक शब्द दोघांनी दोन बाजूंनी वाचला आणि दोघंही गप्प राहिले, एकमेकांना जपत. जपता जपता घालवलं.

"शमी असती तं..." त्या म्हणाल्या.

नाव उच्चारलं गेलं होतं. रिकाम्या खोलीत ते जरा घुमलं, कारण त्या खोलीत अडवायला आता एकही वस्तू नव्हती. मग अनंतरावांनी उजव्या हाताचं बोट वर केलं. वाकडं, संधिवाताचं बोट. ते त्यांनी हवेत दोनदा नाचवलं, जसं ती नाचवायची, आणि तिच्याच आवाजात बोलू पाहिलं. पण आवाज त्यांचाच, म्हातारा, फाटलेला आला.

"आई, किती वेळा सांगू?" ते म्हणाले. "नीचे म्हण. नीचे."

सुनीतीबाईंनी तोंडात पदर कोंबला. त्या हसत होत्या की रडत होत्या हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. बऱ्याच वेळाने त्यांचा श्वास जागेवर आला. कुंकवाचं बोट पुसावं तसे त्यांनी डोळे पुसले. शेजारी अनंतरावांनी पाय लांब केले होते आणि ते थकून, सवयीने, मागे रेलू लागले होते.

सुनीतीबाईंनी चटकन त्यांचा दंड धरला.

"टेकू नका," त्या म्हणाल्या. "रंग ओला आहे अजून."

ते तसेच थबकले. मग दोघंही पाठ ताठ करून, भिंतीपासून हातभर अंतरावर, बसून राहिली.